बिनतारी माईक आणि शेवटची रांग

गावात समारंभ कोणताही असो, त्याचे मंगलाचरण एकच. "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन, टू, थ्री!" मग कुणीतरी जाळीवर टिचकी मारतो, कुणी फुंकर घालतो, आणि कर्ण्यातून 'कूंऽऽ' अशी शिट्टी निघाली, की पुढे बसलेली पोरे कानांत बोटे घालून खिदळू लागतात. एवढे झाले, की माईक तपासून झाला अशी आपली समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, हे आज मला आपणांस सांगावयाचे आहे. आणि मग बिनतारी माईक कसा मांडावा व कसा वापरावा, याविषयी चार गोष्टी बोलावयाच्या आहेत.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. ध्वनिशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. मग या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे कुणी विचारील. तर अधिकार आहे तो ठेच लागलेल्या माणसाचा. ती ठेच कशी लागली, तेच आधी सांगतो.

आठेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर एका खेड्यात होते. शेवटच्या दिवशी सायंकाळी शाळेच्या पटांगणावर आम्ही गावकऱ्यांची सभा भरवली. महाविद्यालयाने नुकताच एक बिनतारी माईक घेतला होता आणि तो मी मोठ्या हौसेने बरोबर नेला होता. सरपंच बोलले, पाहुणे बोलले, मीही बोललो. आवाज कसा खणखणीत! मग मी म्हणालो, "आता गावकऱ्यांनी बोलावे. तार नाही, अडचण नाही. माईक तुमच्याजवळ येईल."

अगदी मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. वय पन्नाशीचे असेल. विद्यार्थ्याने माईक त्यांच्या हाती दिला. "आमच्या वस्तीवर..." एवढे शब्द ऐकू आले आणि आवाज तुटला. मग खरखर. मग "नळाला..." आणि पुन्हा सारे बंद. बाईंनी माईककडे पाहिले, तो उलटसुलट केला, पुन्हा तोंडाशी धरला. पुन्हा खरखर. पुढे कुणीतरी हसले. एक हसला, की दहा हसतात. बाईंनी माईक विद्यार्थ्याच्या हाती परत दिला. "ऱ्हाऊ द्या, ऐकू जात न्हाई," एवढे म्हणून त्या खाली बसल्या. पदर त्यांनी जरा पुढे ओढून घेतला, तेवढे मला व्यासपीठावरून दिसले. त्यानंतर मागच्या रांगेतून कुणी उठले नाही. आभारप्रदर्शनाच्या वेळी मात्र माईक उत्तम चालला.

परतल्यावर पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्याला मी ही हकीकत सांगितली. तो म्हणाला, "सामान कसे मांडले होते, ते आधी सांगा." मी सांगत गेलो आणि माझे मलाच कळत गेले. माईकची लहर झेलणारे यंत्र धूळ बसू नये म्हणून मी व्यासपीठामागच्या लोखंडी कपाटात ठेवले होते. त्याच्या दोन्ही अँटेना मिटलेल्या होत्या. त्या यंत्राच्या आणि त्या बाईंच्या मध्ये शे-दोनशे माणसे बसली होती. आणि माईकमधले सेल पहिल्या दिवसापासून तेच होते. अशा चार चुका, आणि चारही माझ्या. त्या बाईंची चूक एकही नाही. हसे झाले ते मात्र त्यांचे.

मंडळी, माझे म्हणणे थोडक्यात हेच आहे. व्यासपीठावरच्या माणसाला कोणताही माईक चालतो. त्याची खरी परीक्षा होते ती शेवटच्या रांगेत, आणि जो माणूस जन्मात कधी माईकसमोर उभा राहिलेला नाही त्याच्या हाती.

आता हे साधन आहे तरी काय, ते पाहू. बिनतारी माईक म्हणजे हातात धरलेले एक चिमुकले रेडिओ केंद्रच होय. आपण बोलतो तेव्हा माईकच्या जाळीमागचा पातळ पडदा थरथरतो आणि त्या थरथरीची वीज होते. इथपर्यंत तारेचा माईक आणि बिनतारी माईक सारखेच. पुढे तारेच्या माईकमधून ही वीज तारेने ध्वनिवर्धकाकडे जाते. बिनतारी माईकच्या दांड्यात मात्र एक छोटा प्रक्षेपक असतो. तो या विजेला रेडिओलहरीवर स्वार करून हवेत सोडतो. ती लहर झेलून पुन्हा तिचा आवाज करणारे दुसरे यंत्र असते, त्याला ग्राहकयंत्र किंवा रिसीव्हर म्हणतात. ते ध्वनिवर्धकाला जोडायचे. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. तेव्हा स्टुडिओतला आवाज घरातल्या पेटीपर्यंत ज्या रीतीने येई, त्याच रीतीने तो आज आपल्या हातातून मंडपाच्या कोपऱ्यातल्या डबीपर्यंत जातो.

ही कल्पनाही आजकालची नाही. तारेवाचून लहर पाठवता येते, हे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात लोकांसमोर दूरची घंटा वाजवून दाखवले होते. गाणाऱ्या-बोलणाऱ्यासाठी बिनतारी माईक अमेरिकेतील श्यूर कंपनीने १९५३ साली बाजारात आणला. त्याचे नाव 'व्हॅगाबाँड', म्हणजे भटक्या. नाव अगदी साजेसे होते.

एक भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. मोठ्या रेडिओ केंद्राची शक्ती किलोवॅटमध्ये मोजतात. हातातल्या माईकची शक्ती मिलिवॅटमध्ये मोजतात, आणि ती बहुधा १० ते ५० मिलिवॅट असते. एक किलोवॅट म्हणजे दहा लाख मिलिवॅट. तेव्हा ही लहर फार दुबळी. तिच्या वाटेत आपणच लोखंडी कपाट उभे केले, तर तिने काय करावे?

खरेदीच्या वेळी दुकानदाराला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की हा माईक कोणत्या पट्ट्यात चालतो? बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. एक २.४ गिगाहर्ट्झची. ती मांडायला सोपी आणि तिला परवाना लागत नाही. पण वायफाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात चालतात, म्हणजे आठवड्याच्या बाजारातल्या गर्दीत उभे राहून हाक मारण्यासारखे ते आहे. शिवाय माणसाच्या शरीरात पाणी पुष्कळ, आणि या पट्ट्याची लहर शरीरात चांगलीच शोषली जाते. चाळीस मुलांच्या वर्गाला हा माईक पुरतो. पटांगणावरच्या सभेला त्याचा भरवसा धरू नये.

दुसरी जात यूएचएफ पट्ट्यातली. मोठ्या सभेला हीच बरी. आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यात कमी शक्तीच्या साधनांना परवाना लागत नाही. दुसऱ्या कोणत्या पट्ट्यातला माईक घ्यायचा असेल, तर त्याला दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेची मान्यता आहे काय, हे विचारून घ्यावे. आणखी एक सावधगिरी. २०२२ सालच्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाईल सेवेसाठी विकला गेला. म्हणून त्या पट्ट्यात चालणारा जुना माईक स्वस्तात मिळतो आहे असे कळले, तर मोहात पडू नये. गावाशेजारी त्या पट्ट्याचा मनोरा उभा राहिला, की कालपर्यंत गुणी असलेला माईक आज खरखरू लागतो, आणि आपण उगाच दुरुस्ती करणाऱ्याकडे खेपा घालतो.

माईक आणला. आता मांडणी. तिचा पहिला नियम एखाद्या अडाणी माणसालाही पाळता येईल इतका सोपा आहे. जिथे जिथे माईक जाणार, तिथून ग्राहकयंत्राच्या अँटेना, ज्यांना आपण पूर्वी एरियल म्हणत असू, त्या आपल्या डोळ्यांना दिसल्या पाहिजेत. डोळ्यांना दिसत असतील, तर लहरीलाही वाट आहे असे समजावे. म्हणून हे यंत्र कपाटात नको, टेबलाखाली नको, पडद्यामागे नको. ते व्यासपीठाच्या कडेला, श्रोत्यांच्या बाजूला, पुरुषभर उंचीच्या वर एखाद्या लाकडी घडवंचीवर ठेवावे. उभी माणसे मध्ये आली, तरी लहर त्यांच्या डोक्यावरून गेली पाहिजे. पत्र्याचे खांब, लोखंडी कपाटे, वायफायची पेटी यांपासून ते दूर असावे. व्यासपीठावरच्या माईकपासूनही दोन-तीन मीटर अंतर राखावे, कारण फार जवळची लहरही यंत्राला सोसत नाही.

इथे पुष्कळजण एक चूक करतात. ध्वनिवर्धक जिथे असेल तिथेच त्याच्याशेजारी ग्राहकयंत्र ठेवतात, मग तो मंडपाच्या दुसऱ्या टोकाला का असेना! वास्तविक तार लांबवायची असेल तर ती आवाजाची लांबवावी. तीन पिनांची चांगली तार वीस-तीस मीटर नेली तरी आवाजाला काही होत नाही. यंत्र बोलणाऱ्याजवळ ठेवावे आणि तार ध्वनिवर्धकापर्यंत न्यावी.

बहुतेक बऱ्या ग्राहकयंत्रांना अँटेना दोन असतात. त्या दोन का, हे समजून घेण्यासारखे आहे. ६०० मेगाहर्ट्झची लहर घ्या. तिची लांबी साधारण अर्धा मीटर असते. मंडपाचा पत्रा, भिंत, उभा ट्रॅक्टर यांवर आपटून ती परत फिरते. सरळ आलेली लहर आणि फिरून आलेली लहर एखाद्या जागी अशा भेटतात, की एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकमेकांना पुसून टाकतात. तेवढ्या जागी आवाज मरतो. वीतभर सरकले, की पुन्हा येतो. आपण म्हणतो, "माईकचे डोके फिरले." डोके फिरलेले नसते, लहर फिरलेली असते. यावर उपाय म्हणून दोन अँटेना. एकीच्या जागी लहर मेली, तरी दुसरीच्या जागी ती बहुधा जिवंत असते, आणि यंत्र क्षणोक्षणी त्यांतली बरी लहर निवडते. म्हणून दोन्ही अँटेना पूर्ण उघडून, एक डावीकडे व एक उजवीकडे कलती, मध्ये काटकोन होईल अशा ठेवाव्यात. बैलाच्या शिंगांसारख्या म्हणा ना!

मग लहर निवडायची. आपले सगळे माईक बंद ठेवावेत आणि ग्राहकयंत्र तेवढे चालू करावे. माईक बंद असताना यंत्रावरचा लहर दाखवणारा दिवा लागत असेल, तर त्या लहरीवर दुसरे कुणीतरी बसलेले आहे. ती जागा सोडावी, दुसरी शोधावी. पुष्कळ यंत्रे ही शोधाशोध आपण होऊन करतात. जागा रिकामी मिळाली, की माईक त्याच लहरीवर आणावा.

माईक दोन-तीन असतील, तर प्रत्येकाची लहर वेगळी हवी. एका लहरीवर दोन माईक म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. पण केवळ वेगळी असूनही भागत नाही. समजा, एक माईक ६०० वर आणि दुसरा ६०१ वर आहे. हे दोघे मिळून ५९९ आणि ६०२ या ठिकाणी आपली भुते उभी करतात. हिशेब साधा आहे: एकाची दुप्पट करावी आणि दुसरा वजा करावा. आता तिसरा माईक आपण सरळ हिशेबाने ६०२ वर ठेवला, तर तो नेमका भुताच्या घरात गेला! म्हणून समान अंतराने लहरी वाटू नयेत. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत एकमेकांशी जमणाऱ्या लहरींचे गट दिलेले असतात. सगळे माईक एकाच गटातले निवडावेत.

पुढची पायरी आवाजाच्या मापाची, आणि ही गोष्ट शेतकरी बांधवांना माझ्यापेक्षा चांगली कळेल. आवाज म्हणजे पाटाचे पाणी समजा. त्याच्या वाटेवर तीन दारे आहेत. पहिले माईकमध्ये, दुसरे ग्राहकयंत्राच्या पाठीमागे, तिसरे मिक्सरवर किंवा ध्वनिवर्धकावर. पहिल्याच दारी पाणी फुटले, तर पुढे कितीही नीट दारे धरा, वाफ्यात गढूळच येणार. त्याचप्रमाणे माईकमध्येच आवाज फुटला, तर पुढे कमी केल्याने तो स्वच्छ होत नाही; फुटलेला आवाज फक्त बारीक होतो. तेव्हा सभेत जो सर्वांत मोठ्याने बोलणार, त्याच्याइतक्या आवाजात बोलून पाहावे. तांबडा दिवा लागला, तर माईकमधले माप, ज्याला साऊंडवाले 'गेन' म्हणतात, ते उतरवावे. मग ग्राहकयंत्राच्या पाठीमागचे माप ध्वनिवर्धकाच्या ज्या भोकात तार घातली आहे त्याला जुळते आहे काय, ते पाहावे. भोक माईकचे असेल तर बारीक आवाज द्यावा. 'लाईन' असे लिहिलेले असेल तर मोठा. शेवटी तिसरे दार उघडावे. मिक्सरवर खालचा घुमारा कापणारे बटण असेल, तर बोलण्यासाठी ते चालू ठेवावे. वाऱ्याची आणि श्वासाची धबधब त्याने पुष्कळ कमी होते.

चालू-बंद करण्याचा क्रमही पाठ असावा. सुरू करताना ध्वनिवर्धक सर्वांत शेवटी. बंद करताना तोच सर्वांत आधी. आवाज उघडा असताना माईकचा खटका बंद-चालू करू नये. 'धप्प' असा आवाज होऊन कर्ण्याचे पडदे बिघडू शकतात.

आता त्या प्रसिद्ध शिट्टीकडे वळू. ही शिट्टी म्हणजे यंत्राचा रोग नव्हे, ती आपल्या मांडणीची चूक आहे. माईकमध्ये गेलेला आवाज कर्ण्यातून मोठा होऊन येतो. तोच पुन्हा माईकमध्ये शिरला, तर पुन्हा मोठा होऊन येतो. चरकाचा हा फेरा एकदा सुरू झाला, की क्षणात कान फाटतात. याला उपाय तीन. पहिला, कर्णे नेहमी माईकच्या पुढे असावेत आणि त्यांची तोंडे श्रोत्यांकडे. माईक घेऊन कर्ण्यासमोर कधी जाऊ नये. बिनतारी माईकच्या बाबतीत हे विशेष सांभाळावे लागते, कारण तार नसल्यामुळे माणूस भटकतो. माईक श्रोत्यांत जाणार असेल, तर त्याची वाट कर्ण्यांच्या तोंडासमोरून जाऊ नये अशी आधीच आखून ठेवावी. दुसरा उपाय, ज्या माईकवर कुणी बोलत नसेल तो मिक्सरवर बंद ठेवावा. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली, की शिट्टीपूर्वी मिळणारा आवाज तीन डेसिबलने घटतो. आणि तिसरा उपाय सर्वांत स्वस्त. ध्वनिवर्धक चढवण्याऐवजी माईक तोंडाजवळ न्यावा. तोंडापासूनचे अंतर निम्मे केले, की माईकला मिळणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो. म्हणजे वीतभरावरून चार बोटांवर आलात, की नॉबला हात न लावता नऊ-दहा डेसिबलच्या आसपास आवाज गाठीस पडतो.

माईक धरावा कसा, हे शाळेत शिकवले जात नाही. ते शिकवले पाहिजे. शिक्षक बांधव-भगिनींना माझी विनंती आहे, की स्नेहसंमेलनाच्या आधी एक तास यासाठी द्यावा. माईक दांड्याच्या मध्यावर धरावा. जाळीभोवती मूठ आवळून धरू नये. गाणारे तरुण तसे धरतात, ते पाहायला ऐटदार दिसते खरे; पण असले बहुतेक माईक पुढचा आवाज घेतात आणि मागचा टाळतात, आणि मागचा टाळण्यासाठी जाळीच्या पाठीमागे हवेला वाट ठेवलेली असते. मुठीने ती वाट बुजली, की माईक चहूकडचे ऐकू लागतो आणि शिट्टी सुरू होते. दांड्याचे खालचे टोकही झाकू नये. पुष्कळ माईकांची अँटेना तिथेच असते. तोंडापासून तीन-चार बोटे अंतर ठेवावे आणि माईक किंचित तिरका, हनुवटीच्या बाजूने धरावा. समोर धरला, तर 'प', 'फ', 'भ' या अक्षरांचा श्वास जाळीवर आदळून धबधब होते. मान वळली, तर माईकही मानेबरोबर वळला पाहिजे. आणि तपासण्यासाठी टिचकी मारू नये, फुंकर घालू नये. दोन वाक्ये सरळ बोलावीत. नाहीतरी सभेत आपण बोलणारच असतो, टिचक्या मारणार नसतो.

सेलविषयी थोडे. पुष्कळ माईकांत दोन पेन्सिल सेल लागतात. घड्याळात घालतो ते साधे स्वस्त सेल इथे उपयोगाचे नाहीत. अल्कलाईन सेल घ्यावेत. ते बहुधा सहा ते आठ तास चालतात. नेमका आकडा आपल्या माईकच्या पुस्तिकेत पाहावा. पुन्हा भरता येणारे सेलही चांगले. मात्र त्यांचा दाब दीडऐवजी १.२ व्होल्ट असतो, म्हणून माईकवरची खूण कधी चुकते; ते आदल्या रात्री भरून ठेवावेत. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. कार्यक्रम संपला, की सेल काढून ठेवावेत. आत राहिले तर पाझरतात आणि माईक खातात. महत्त्वाच्या सभेला नवे सेल घालावेत आणि जोडीला एक तारेचा माईकही जोडून ठेवावा. तार दिसायला ओबडधोबड असली, तरी ती दगा क्वचितच देते. तारेच्या माईकसाठी अर्थिंग मात्र नीट हवे. अर्थिंग बिघडलेले असेल, तर ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला अशा माईकचा धक्का बसू शकतो. बिनतारी माईक हाती धरणाऱ्याला ही भीती नाही, हा त्याचा मोठाच गुण मानला पाहिजे.

कायदाही माहीत असावा. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत तो लावता येत नाही. मापे बरोबर असली, की आवाज फार मोठा करावा लागत नाही, हेही आपल्या अनुभवास येईल. गावभर ऐकू गेला म्हणजे आवाज चांगला, असे थोडेच आहे? समोरच्या माणसाला प्रत्येक शब्द कळला, की पुरे.

एवढे सारे झाले, की शेवटची परीक्षा. हिला आम्ही 'प्रदक्षिणा' म्हणतो. सभेपूर्वी तासभर एका विद्यार्थ्याने माईक हाती घेऊन, सतत बोलत, संपूर्ण पटांगणाला फेरी घालावी. शेवटची रांग, बायका बसतात तो कोपरा, झाडाखालचा पार, काही सोडू नये. आवाज जिथे तुटेल तिथे खूण करावी आणि ग्राहकयंत्र सरकवून पुन्हा फेरी घालावी. रिकाम्या पटांगणात जेमतेम चालणारा माईक भरल्या सभेत बंद पडणारच, कारण मध्ये माणसे येणार. म्हणून चोख चालेल अशीच जागा शोधावी.

श्रोतेहो, १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून खेड्यांतील श्रोतृमंडळांचा एक प्रयोग झाला होता. गावातली मंडळी एकत्र बसून रेडिओ ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. नुसते ऐकणाऱ्याला बोलतेही करावे, हा त्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो. आज आपल्या हाती असे साधन आहे, की जे व्यासपीठावरून उतरून ऐकणाऱ्याजवळ जाऊ शकते. पण बहुतेक ठिकाणी ते व्यासपीठावरच फिरते, आणि खाली आलेच तर बंद पडते.

त्याच गावी दुसऱ्या वर्षी आमचे शिबिर पुन्हा झाले. या वेळी यंत्र घडवंचीवर होते, अँटेना उघड्या होत्या, सेल नवे होते. दोन विद्यार्थिनींनी चार वेळा प्रदक्षिणा घातली. सभेत मी सरपंचांच्याही आधी मागच्या रांगेकडे माईक पाठवला. त्या बाई आल्या होत्या. माईक हाती घेण्यापूर्वी त्यांनी त्या मुलीला विचारले, "आज चालतोय न्हवं?" मुलीने मान हलवली. बाई चार-पाच मिनिटे बोलल्या. पहिले वाक्य अडखळत, पुढची सरळ. शेवटच्या वस्तीवर नळ आहे, पण पाणी पोचत नाही, हंडा घेऊन कुठवर जावे लागते, हे त्यांनी सांगितले. कुणी हसले नाही. हसण्यासारखे काही नव्हतेच. पहिल्या वर्षीही नव्हते.

त्या नळाला पाणी आणणे माईकच्या हाती नव्हते, माझ्याही नव्हते. पण सभेचा वृत्तान्त लिहिला गेला, तेव्हा त्यात त्या वस्तीचे नाव आले. आदल्या वर्षीच्या वृत्तान्तात ते नव्हते.

तेव्हा पुढच्या वेळी माईक लावाल, तेव्हा 'वन, टू, थ्री' व्यासपीठावर म्हणू नका. शेवटच्या रांगेत जाऊन म्हणा. तिथे चालला, तर सगळीकडे चालला.